डावा बिघडला तर उजव्याला विचारा



जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर एका बाजूने मुका झाला की बहुतेक घरांत तो माळ्यावर जातो. नाहीतर एखादा हौशी कारागीर त्यातले सगळे कपॅसिटर एका बैठकीत काढून नवे बसवतो. मला हा दुसरा प्रकार जास्त खटकतो, कारण बिघाड सापडण्याआधीच त्याच्या खुणा पुसल्या जातात. आणि स्टिरिओत तर शोधाची केवढी सोय आहे! एकाच नकाशाची दोन सर्किटं शेजारी-शेजारी असतात. एक आजारी असलं तरी दुसरं बहुधा धडधाकट असतं. निदान त्या धडधाकट बाजूला विचारून करावं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

उदाहरणाला मी क्वाड ३०३ घेतो. इंग्लंडमध्ये हंटिंग्डनला पीटर वॉकर यांच्या कंपनीने १९६७ साली तो बाजारात आणला. आठ ओहमच्या स्पीकरला प्रत्येक चॅनेलमागे ४५ वॉट. आजच्या जाहिराती वाचणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण दिवाणखान्यात गाणं ऐकायला तो भरपूर आहे. आत ६७ व्होल्टचा एकच स्थिर केलेला पुरवठा आहे आणि स्पीकरच्या वाटेवर २००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हे दोन आकडे लक्षात ठेवा.

झाकण उघडायची घाई नको. यंत्र बंद करून आधी स्पीकरच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. तोच स्पीकर गप्प राहिला तर दोष स्पीकरचा. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर स्पीकर निर्दोष. मग येणाऱ्या सिग्नलच्या वायरी अशाच फिरवा. आता मुकेपणा बाजू बदलतो का? बदलला तर खोट आधीच्या यंत्रात आहे, तिथेच राहिला तर या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. दोन अदलाबदलींत निम्मं निदान झालं, आणि हातात अजून स्क्रूड्रायव्हरही नाही.

पुढचं काम कानाचं. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. ती डायोडच्या पुलातून गेली की पुरवठ्यात १०० हर्ट्झची लहर उरते. घुमणारा आवाज १०० चा असेल तर पुरवठ्याचे कपॅसिटर तपासा. ५० चा खोल हुंकार असेल तर आधी अर्थिंग आणि शील्डची वायर पाहा. आणि तबला ऐकताना एका बाजूचा डग्गा पातळ वाटला, तर तो २००० मायक्रोफॅरडवाला कपॅसिटर आठवा. आठ ओहमच्या स्पीकरबरोबर तो साधारण १० हर्ट्झपर्यंतचा खर्ज जाऊ देतो. वाळून त्याची क्षमता दहापट घटली, तर हीच सीमा १०० हर्ट्झवर येते. चाट तशीच वाजते, घुमारा मात्र जातो. दुसऱ्या बाजूचा डग्गा शाबूत नसता, तर ध्वनिमुद्रणच तसं आहे असं समजून आपण ऐकत राहिलो असतो.

आता झाकण उघडू. प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये भार राहतो. तो रेझिस्टरमधून उतरवावा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे. पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड लावा, म्हणजे फिलामेंटचा जुना बल्ब पुरवठ्याच्या वाटेत जोडा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जा. लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे. वीज बंद करा.

बल्ब मंदावला आणि सिरीज काढूनही सगळं शांत राहिलं, तर मल्टिमीटर घ्या. पुरवठ्यावर ६७ व्होल्ट आहेत का, ते पाहा. मग प्रत्येक चॅनेलचा मध्यबिंदू मोजा. तो पुरवठ्याच्या निम्म्यावर, म्हणजे ३३.५ व्होल्टच्या आसपास असायला हवा. डावीकडे ३३ आणि उजवीकडे ६० दिसले तर उजवं सर्किट एका टोकाला झुकलेलं आहे. स्पीकरच्या वाटेवरच्या त्या कपॅसिटरमुळे ३०३ चा स्पीकर सहसा वाचतो. तो कपॅसिटर नसलेल्या अनेक जपानी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मात्र असा बिघाड थेट स्पीकरच्या कॉइलवर जातो. तिथे आउटपुटला दहा-वीस मिलिव्होल्ट डीसी चालतं. व्होल्ट दिसले तर स्पीकर जोडू नका.

मग दोन्ही बोर्डांवर तोच तो बिंदू मोजत सिग्नलच्या वाटेने मागे जायचं. आकडे जिथे पहिल्यांदा फुटतात, तिथे थांबायचं. वीज बंद करून मीटर डायोडच्या खुणेवर ठेवला, तर चांगल्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर साधारण ०.६ व्होल्ट दाखवतो. शॉर्ट झालेला शून्याजवळ जातो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. काळा पडलेला भाग बहुधा मार खाणारा असतो, मारणारा वेगळाच असतो. आउटपुट ट्रान्झिस्टर जाताना शेजारचा ड्रायव्हर आणि एमिटरचा रेझिस्टर घेऊन जातो. कधी त्यामागे बायसच्या प्रीसेटचा सुटलेला संपर्क असतो. नुसता ट्रान्झिस्टर बदलला तर नवाही क्षणात जातो. व्हॉल्यूमच्या खरखरीचंही तसंच. क्लीनर मारूनही ती परत आली, तर आधीच्या कपॅसिटरमधून डीसी गळतंय का ते पाहा. तसं असेल तर पोटेन्शिओमीटर बदलून काय साधणार?

सुट्या भागांसाठी पुण्यात तपकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड. ट्रान्झिस्टर मात्र पारखून घ्या. जुन्या लोकप्रिय नंबरांच्या नकली मालात मोठ्या धातूच्या टोपीखाली चिमुकली चिप असते आणि ती पूर्ण भार सोसत नाही.

दुरुस्तीनंतर लगेच आवडते स्पीकर लावू नका. आठ ओहमच्या जाड रेझिस्टरवर यंत्र तापू द्या आणि दोन्ही बाजू पुन्हा मोजा.

एक अडचण उरते. दोन्ही बाजू एकाच वयाच्या असतात आणि पुष्कळदा बरोबरीने थकतात. तेव्हा तुलना फसवते, कारण दोन्ही डग्गे सारखेच पातळ ऐकू येतात. तिथे सर्किटच्या नकाशावरचे आकडेच कामी येतात. म्हणून दुरुस्त यंत्राचे सगळे व्होल्टेज तारखेसह कागदावर लिहा आणि तो कागद यंत्राबरोबर जपा. पुढे ते ज्याच्या हाती पडेल, त्याला तुलनेसाठी तिसरी बाजू मिळेल.