उन्हाळ्यात जा

अध्यक्षमहोदय, मुख्याध्यापिका मॅडम, पहिल्या रांगेत बसलेले माझे सगळे गुरुजन, पालक, आणि तिकडे मागे भिंतीला टेकून हे भाषण कधी संपतंय याची वाट बघणाऱ्या बारावीच्या मुलांनो,

पत्रिकेत माझ्या नावाखाली विषय छापलाय, ‘भूशास्त्र : करिअरच्या संधी’. तो आधी उरकते, कारण तुमचे नाच अजून बाकी आहेत. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग एकाच खडकावर उभा आहे. बसाल्ट, आपला काळा पाषाण. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहत आला, थिजला, त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. यातला घट्ट थर पाणी धरत नाही. भेगाळलेला, झिजलेला थर धरतो. कुठल्या गावाखाली कोणता थर किती खोल आहे हे शोधण्याचा मला आयुष्यभर पगार मिळाला. एमएससी करा, गणिताला भिऊ नका, भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. झालं करिअर.

मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, तुम्ही एवढा महाराष्ट्र फिरलात, तर तुमच्या आवडत्या जागाही सांगा. आता मला विचारलंच आहे तर सुरुवात या शाळेपासूनच करते.

हा हॉल आमच्या वेळी नव्हता. इथे पत्र्याच्या दोन खोल्या होत्या आणि स्नेहसंमेलन ग्राउंडवर मांडव घालून व्हायचं. मांडवाचे बांबू कुठून यायचे हे शिपाईमामांना ठाऊक. मामा, सांगू नका, ते मालक आजही समोर बसले असतील. त्या खोल्यांपैकी दुसरीत आम्हाला भूगोल होता. सर शिकवायचे तेव्हा फळ्यावर नकाशा नसायचा, खडूने काढलेली एक विहीर असायची. वरून खाली काळी माती, मुरूम, पाषाण, मध्येच एक तांबडा पट्टा. हा तांबडा पट्टा का, असं सर विचारायचे आणि उत्तर न देता दुसऱ्या तुकडीवर निघून जायचे. दोन लाव्हांच्या मधल्या निवांत काळात खडकाची माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली, हे मला कॉलेजात कळलं. सर, त्या कॉलेजातल्या पुस्तकात चित्र होतं, पण तुमच्या खडूची विहीर जास्त स्पष्ट होती.

सरांनी आमची लोणारची सहल एप्रिलमध्ये नेली. डिसेंबरात गाडी मिळाली नाही, हे खरं कारण. घरोघरी कुरबुर झाली. माझी आजी दारात उभी राहून म्हणाली, “एवढ्या उन्हात पोरीले दगडं दाखवाले काहून नेऊन राह्यले?” मेहकर ते लोणार अंतर ते किती, पण आम्हाला विदेशात चाललो असं वाटत होतं. धारेवर पोचलो, गोमुखातलं पाणी प्यायलो, गोड. मग झाडीतून उतरत कमळजादेवीच्या देवळापर्यंत गेलो. तिथे तळ्याच्या काठच्या पाण्यात सरांनी लाल लिटमसची पट्टी बुडवली आणि ती निळी झाली. वरचं पाणी गोड, खालचं खारट आणि सोड्यासारखं. दोन्हींमध्ये काही मिनिटांची उतरण. वर्गातल्या चाळीस पोरांपैकी किती जणांना आज ते आठवतं माहीत नाही, पण मी त्या पट्टीमुळे या धंद्यात आले. विज्ञानाच्या बाई, ती पट्टी तुमच्या प्रयोगशाळेतून न विचारता गेली होती. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? बाई हसताहेत, म्हणजे कळलं होतं.

लोणारचं ते विवर उल्का आदळून झालंय, जवळजवळ 1.8 किलोमीटर रुंद, तेही बसाल्टमध्ये. पृथ्वीवर बसाल्टमधली अशी विवरं अगदी थोडी. त्याचं वय मोजायला बसलेल्या शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. एका पद्धतीने 50 हजार वर्षांच्या आसपास येतं, दुसरीने साडेपाच लाखांच्या पुढे. सांगायचं ते वेगळंच. 2020 च्या जूनमध्ये हे तळं गुलाबी झालं, आठवतंय? उन्हाळ्याने पाणी उतरलं, खारटपणा वाढला आणि खारटपणातच फोफावणारे सूक्ष्मजीव माजले. पाऊस पडल्यावर रंग गेला. त्याच वर्षी तळ्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि आपण इथले लोक लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर ते बघत बसलो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी आता चार वेळा सांगणार आहे, तयारी ठेवा. महाराष्ट्र बघायचा तर उन्हाळ्यात बघा. पावसाळ्यात सगळं हिरवं असतं, सगळं एकसारखं असतं, आणि तुम्ही धबधब्याखाली उभे राहून फक्त स्वतःचा फोटो काढता.

कास पठारावर सगळे सप्टेंबरात जातात. जरूर जा, पण एकदा मेमध्ये जा. तिथे फुलं नसतात, नुसता तांबडा जांभा असतो, आणि त्यावर बोटभर माती शोधायला वाकावं लागतं. एवढ्याशा मातीत काही आठवड्यांत ते सगळं कसं उगवत असेल, हा प्रश्न सप्टेंबरच्या गर्दीत पडत नाही. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पंही पावसात गवताखाली जातात. उक्षीला, बारसूला कातळ तापलेला असताना जा, म्हणजे माणसाच्या उंचीहून मोठ्या खोदलेल्या आकृती कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते कळतं. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे नदी भरून वाहताना काय दिसणार? पाणी उतरलं की काठावर बसून आत वाकून बघा. पाण्यात गरगर फिरणाऱ्या दगडांनी घासून घासून ते पाषाणात कोरलेत, एकेक इतका खोल की माणूस मावेल.

आणि पळसदेव! सोलापूर रस्त्यावर, इंदापूरच्या अलीकडे. उजनी धरणात एक जुनं देऊळ बुडालंय. फार पाणी आटलं की ते वर येतं. ते वर येणं म्हणजे दुष्काळ, हे माझ्यासारख्या पाण्याच्या नोकरीतल्या बाईला सांगायला नको. तरी मी तिथे थांबले. गावातल्या म्हाताऱ्या बायका नटूनथटून दर्शनाला आल्या होत्या.

वेरूळच्या कैलासाबद्दल बोलायला लागले तर आपली बक्षिसं उद्यावर जातील. एवढंच करा, आत गेल्यावर मूर्तींआधी भिंतींचा खडक बघा. वरून खाली खोदत आलेल्या त्या कारागिरांना कुठला थर छिन्नीला साथ देईल याची जाण होती, आणि त्यांच्याकडे एमएससी नव्हती.

लांब नको असेल तर सिंदखेडराजाला जा. 12 जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीची अफाट गर्दी असते, ती एकदा अनुभवा. मग एप्रिलमध्ये एकटे जा. पाणी खाली गेलेलं असताना मोती तलावाचा बांध बघा, पुतळा बारवेच्या पायऱ्या उतरा. आपण ज्या पाण्यासाठी भांडतो ते चारशे वर्षांपूर्वी कोणी कसं अडवलं, ते तिथे दगडात आहे.

ऊन फार असतं, असं पालक म्हणतील. आहेच. पहाटे निघा, दुपट्टा बांधा, खिशात कांदा ठेवा, बाराच्या आत सावली धरा. यवतमाळच्या टिपेश्वरमधून 2019 मध्ये एक वाघ निघाला आणि 1300 किलोमीटरहून जास्त चालत आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तो जूनमध्ये निघाला होता. तुम्हाला निदान एसटी आहे.

एसटीवरून एक. मुलींनो, मार्च 2023 पासून आपलं तिकीट अर्धं आहे. घरून ‘कशाला’ असं विचारलं तर आधी हा आकडा सांगा, पैशाचा मुद्दा गेला की निम्मं भांडण संपतं. उरलेल्या निम्म्यासाठी दोघीतिघी मिळून जा. सर, तुमची पंचाहत्तरी झाली ना? मग तुम्हाला फुकट. मुलांनो, तुम्ही पूर्ण तिकीट काढा, सध्या तरी तोच न्याय आहे.

अध्यक्षसाहेब, तुमच्याकडे बघूनच बोलते, राग मानू नका. आपल्या शाळेच्या मागच्या दोन सहली वॉटर पार्कला गेल्या, असं मघाशी चहाच्या वेळी कळलं. विहिरी आटलेल्या तालुक्यातली मुलं विकतच्या पाण्यात डुंबायला न्यायची, त्याला माझी ना नाही. पण एक सहल परीक्षेनंतर, उन्हाळ्यात, लोणारला न्या. एका गाडीचा डिझेलखर्च मी देते. हे मी माइकवर बोलले आहे आणि समोर तुमचे खजिनदार लिहून घेताहेत, चांगलं आहे.

परीक्षा संपल्यावरचा पहिला रविवार, सकाळी सहा, मेहकर स्टँड. बाई, तुम्ही यायचंच. सरांना आणायला मामा जातील. बारावीच्या मुलांनो, ज्यांना उठवत नसेल त्यांनी रात्रीच स्टँडवर झोपा. बक्षिसांची यादी कोणाकडे आहे? द्या इकडे.