प्राचीन इस्राएलमधील बलिदान

प्राचीन इस्राएलच्या धर्मात देवापुढे आणलेले जनावर आणणाऱ्यानेच मारायचे असे. होमबलीसाठी बैल, मेंढा किंवा बोकड घेऊन आलेला शेतकरी त्याच्या डोक्यावर हात टेकत असे आणि मग स्वतःच त्याचा वध करत असे. याजकाचे काम त्यानंतर सुरू होई. तो रक्त भांड्यात धरून वेदीच्या सभोवार टाकी, लाकडे रचून अग्नी पेटता ठेवी. बायबलमधील लेवीय या ग्रंथात हा क्रम दिलेला आहे. त्यावरून या विधीचा गाभा मारण्यात नव्हता, रक्तात होता, हे कळते. प्राण रक्तात असतो आणि प्राण देवाचा, म्हणून रक्त माणसाने खायचे नाही, ही श्रद्धा सगळ्या विधीच्या मुळाशी होती.

बळी अनेक प्रकारचे होते. होमबली पूर्ण जाळला जाई. फक्त कातडे याजकाला मिळे. शांत्यर्पणात आतड्यांवरची चरबी, मूत्रपिंडे आणि मेंढीचे चरबीदार शेपूट वेदीवर जाई, याजकाचा वाटा बाजूला निघे, आणि उरलेले मांस यजमान, त्याचे घरचे आणि सोबतचे लोक मिळून खात. हे खरे तर देवाच्या दारातले जेवण होते. पापबली आणि दोषबली हे मुख्यतः नकळत घडलेल्या चुकांसाठी आणि अशुद्धतेसाठी असत. दोषबलीत एखाद्याचे नुकसान केले असेल, तर भरपाईवर आणखी पाचवा हिस्सा द्यावा लागे. माणसाचे देणे चुकते केल्याशिवाय देवाकडे जाता येत नसे, ही या नियमांतली फार मोठी गोष्ट आहे.

गरिबाचाही विचार केलेला होता. पापबलीसाठी मेंढी परवडत नसेल, तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले चालत. तीही नसतील, तर एक दशमांश एफा, म्हणजे सुमारे दोन लिटर सपीठ पुरे होई. अन्नबली मात्र गरिबाचाच नव्हता, तो सगळ्यांचाच होता. सपिठात तेल घालून वर ऊद ठेवला जाई. मीठ हवेच, खमीर आणि मध वेदीवर चालत नसे.

सुरुवातीला गावोगावी वेद्या होत्या. नेगेव प्रदेशातील अराद येथे न घडलेल्या दगडांची वेदी असलेले छोटे मंदिर उत्खननात मिळाले आहे, तर बैर-शेबा येथे शिंगे असलेल्या वेदीचे दगड एका भिंतीत चिणलेले सापडले. इ. स. पूर्व ६२२ च्या सुमारास योशिया राजाने सारी उपासना यरुशलेमेत आणली. मग दूरच्या गावात मांस खायचे तर काय करायचे? बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाने त्याला वाट दिली: घरी जनावर कापा, पण रक्त पाण्यासारखे जमिनीवर ओता.

यरुशलेमेच्या मंदिरात रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन कोकरांचे होमबली होत. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बोकडांवर चिठ्ठ्या टाकत. एक देवासाठी, दुसरा लोकांची पापे डोक्यावर घेऊन रानात सोडला जाई. आमोस आणि यशया या संदेष्ट्यांनी मात्र, न्याय नसलेल्या माणसाचे बळी देवाला नकोत, असे खडसावून सांगितले.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळले आणि यहुदी लोकांचे बलिदान थांबले. बळींच्या वेळांची जागा प्रार्थनांनी घेतली. दुपारच्या प्रार्थनेला आजही अन्नबलीचेच हिब्रू नाव, मिनहा, आहे. मूळच्या कोकणातल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या यहुदी समाजात नवस फेडताना एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, खोबरे, साखर आणि फळे. त्यात त्या जुन्या अन्नबलीची आठवण उरली आहे, असे काही अभ्यासक मानतात.