मुगाच्या डब्यात तेल कोणतं घालायचं?



मूग घरात येऊन दोन-तीन महिने झाले, की डब्यात तपकिरी भुंगेरे चालायला लागतात. हे येतात कुठून? पुष्कळदा शेतातूनच. मादी शेंगेवर अंडी घालते. दाण्यावर खसखशीहून बारीक पांढरा ठिपका दिसतो ना, तेच अंडं. त्यातली अळी दाण्यात शिरते, आतच वाढते आणि महिन्याभरात गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो. तो दाणा खात नाही, पण मादी पुन्हा शंभराच्या आसपास अंडी घालते. पुढच्या पेरणीचं बियाणं असं बसल्या जागी जातं.

मग कुणीतरी दुकानातून ती गोळी आणतं. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. हवेतल्या ओलीनं तिच्यातून विषारी वायू सुटतो, त्यावर उतारा नाही. लेकरं झोपतात त्या घरात ती नकोच!

आता तेल. यात गोडं तेल आणि वासाचं तेल यांची फार गल्लत होते. खायच्या कडधान्याला गोडं तेल बरं. किलोला 5 मिली, म्हणजे लहान चमचाभर, हातावर घेऊन दाण्यांना चोळा. तेलकट दाण्यावर अंडी नीट चिकटत नाहीत, असलेली गुदमरतात. बियाण्याला निंबोळीचं तेलही चालतं; खायच्या मुगाला लावलं तर कडू होईल.

वासाचं तेल म्हणजे निलगिरी, लवंग, गवती चहाचं. ते उडून जातं, आणि त्या वाफेनंच भुंगेरा मरतो. म्हणून ते दाण्यांवर ओतायचं नाही. कापसाचा बोळा भिजवून, फडक्यात बांधून बियाण्याच्या डब्यात ठेवायचा. झाकण मात्र घट्ट हवं. गोणीत ठेवलात तर वास घरभर आणि किडा गोणीत! बाटली पोरांच्या हाती लागू देऊ नका, निलगिरी पोटात गेली तर घात होतो.

आणखी एक. दाण्यात दडलेल्या अळीला हा वास पुरेसा लागत नाही. म्हणून आधी मूग कडक उन्हात वाळवायचा. दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. मग चाळून, भोकाचे दाणे वेगळे काढून, गार झाल्यावर भरायचा. महिन्यानं डबा उघडून बघा. ठिपके नवे दिसले तर पुन्हा ऊन द्या, आणि बोळ्याचा वास गेला असेल तर तो बदला.