नाव ‘हताश’ असलेली चिचुंद्री

आजचा भाग आहे एका अशा प्राण्यावर, ज्याच्या नावाचा अर्थच ‘हताश’ असा आहे. क्रोसिड्युरा डेस्पेराटा. दक्षिण टांझानियातल्या डोंगरी जंगलात राहणारी चिचुंद्री.

चिचुंद्री म्हटलं की आपल्याला काय आठवतं? रात्री भिंतीच्या कडेकडेने पळणारी, लांब नाकाची, उग्र वासाची ती. आपण तिला सरळ उंदीर म्हणून मोकळे होतो. पण ती उंदीर नाहीच! उंदीर कुरतडतो, ही किडे-गांडुळं खाते. आणि तिला सतत खावं लागतं. एवढंसं शरीर गरम ठेवायचं म्हणजे काही तासांचा उपासही जीवावर बेतू शकतो.

आता टांझानियात जाऊ. तिथल्या उडझुंग्वा डोंगरांवर हिंदी महासागराचे ढग अडतात, पाऊस पडतो. खालचा प्रदेश कोरडा, वर ओलं, दाट जंगल. म्हणजे कोरड्या मुलखातली हिरवी बेटंच म्हणा ना. आपली चिचुंद्री इथे आणि रुंग्वे डोंगरावर सापडते.

पण पालापाचोळ्याखाली वावरणारा हा जीव शास्त्रज्ञांना सापडतो कसा? युक्ती एकदम साधी आहे. जमिनीत ओळीने बादल्या पुरायच्या, काठ जमिनीच्या पातळीत, आणि त्यावरून प्लास्टिकची एक बुटकी भिंत उभी करायची. चिचुंद्री सवयीप्रमाणे भिंतीच्या कडेने धावते आणि थेट बादलीत! शिकागोच्या फील्ड म्युझियमचे विल्यम स्टॅनली यांनी टांझानियाच्या डोंगरांत वर्षानुवर्षं असंच काम केलं.

या चिचुंद्रीचं शास्त्रीय वर्णन झालं 1991 मध्ये. रायनर हुटरर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते केलं. ‘डेस्पेराटा’ हे नाव तिच्या स्वभावावरून नाही दिलेलं, परिस्थितीवरून दिलंय. माणसांची वस्ती वाढतेय, जंगल आक्रसतंय, आणि जुन्या जंगलात उरलेल्या अशा जिवांना जायला जागा नाही.

जागा का नाही? झाडं तुटली की ऊन थेट जमिनीवर येतं. पाचोळा सुकतो, किडे कमी होतात. आणि शेजारच्या डोंगरावर जायचं तर मध्ये शेतं आणि उघडा, कोरडा मुलूख. बोटाएवढ्या जिवाने तो कसा ओलांडायचा?

1992 मध्ये उडझुंग्वा राष्ट्रीय उद्यान झालं, सुमारे 1,990 चौरस किलोमीटरचं. मोठीच गोष्ट. पण त्या डोंगरातलं सगळं जंगल काही त्याच्या हद्दीत आलं नाही. वाघ-हत्तींसाठी लोक पुढे येतात. चिचुंद्रीसाठी पैसे कोण मागणार? आणि तिचं जंगल वाचवायचं म्हणजे खरं तर तिथला ओढा, माती आणि पायथ्याच्या गावांचं पाणीही वाचवायचं.

एक शेवटची गंमत. प्राण्याचं शास्त्रीय नाव एकदा रीतसर दिलं की ‘आता ते शोभत नाही’ म्हणून बदलता येत नाही. त्यामुळे ही कायम ‘हताश’च राहणार. निदान ते नाव खोटं ठरावं!

तुमच्याकडे चिचुंद्रीला काय म्हणतात, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!