ऐकून घेणाऱ्या डॉक्टरचं घर

रोवणी आटोपली, कंबर अजून दुखतेच आहे. घडीभर टेका आणि ऐका.

मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, "मनाचे डॉक्टर नुसतं बोलायला लावून बरं करतात म्हणे, हे सुरू कुणी केलं?" म्हणून आज आम्ही व्हिएन्ना शहरातल्या डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांच्या घरी तुम्हाला नेतो.

1891 ते 1938, तब्बल 47 वर्षं ते बर्गगासे रस्त्यावरच्या 19 नंबरच्या इमारतीत राहिले. घर तिथंच, दवाखानाही तिथंच. पेशंट कोचावर आडवा व्हायचा, डॉक्टर त्याच्या डोक्यामागे खुर्चीत बसायचे. मनात येईल ते बोलायचं, डॉक्टरांनी ऐकायचं.

त्यांचा दिवस घड्याळावर चाले. सकाळी आठला पहिला पेशंट, दुपारी एकला जेवण, मग शहरात पायी फेरी. पुन्हा पेशंट, आणि रात्री उशिरापर्यंत लिहिणं. शनिवारी मित्रांसोबत पत्ते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन रानात आळंबी शोधायला जात, आपण पावसाळ्यात सात्या शोधतो तसंच! चांगली आळंबी दिसली की तिच्यावर टोपी टाकायची आणि शिटी वाजवून लेकरांना बोलवायचं.

एक सवय मात्र वाईट. दिवसाला वीसेक सिगार. 1923 मध्ये जबड्याचा कॅन्सर निघाला, तीसच्या वर ऑपरेशनं झाली, तरी सिगार सुटली नाही. आपल्या घरातल्या खर्रा खाणाऱ्यांना हे जरूर सांगा.

आणि हे घर चालवत कोण होतं? त्यांची बायको, मार्थाबाई. आठ वर्षांत सहा लेकरं. बहीण मिन्ना मदतीला. एकच्या ठोक्याला जेवण टेबलावर येई, ते त्यांच्यामुळे.

मार्थाबाई ज्यू धर्माच्या. माहेरी शुक्रवारी सांजवेळी मेणबत्त्या लावायची रीत. नवऱ्याला देवधर्म पटत नव्हता, म्हणून 1886 मध्ये लग्न झालं आणि ते बंद झालं. 1939 मध्ये नवरा गेला, तेव्हा त्यांनी पुन्हा मेणबत्त्या लावल्या. 53 वर्षांनी!

हे वाचलं आणि आम्ही गप्पच झालो. परक्या बायकांचं मन तासन्‌तास ऐकणाऱ्या माणसाच्या घरात एका बाईची एवढीशी इच्छा राहून गेली. मग आपल्या घरात काय काय राहिलं असेल?

म्हणून आमच्या गटानं ठरवलं आहे. बचतीचा हिशेब झाला की पंधरा मिनिटं एकीनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सल्ला नाही, टोमणा नाही, आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही.

कुणाला झोप येत नसेल, कशात जीव लागत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर अंगारा-धुपाऱ्यावर थांबू नका. सरकारी दवाखान्यात चला, आम्ही सोबत येऊ. टेली-मानसचा 14416 हा नंबर दिवसरात्र फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं.

तुमच्या गटात आज कोण बोलणार?