पालकाच्या रकान्यातील विद्यार्थी



जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग सुरू केले, तेव्हापासून दिवसा राबणाऱ्या माणसाला सायंकाळी विद्या मिळावी हे तत्त्व महाराष्ट्राला मान्य आहे. परंतु ज्याला दिवसा मजुरी आणि रात्री पाळणा अशी दोन्ही ओझी एकट्याने वाहावी लागतात, त्या विद्यार्थ्याचा विचार आपण अद्याप केलेला नाही, आणि आज मला त्याच्याविषयीच बोलावयाचे आहे.

मी रात्रशाळेत अध्यापन करीत असताना दहावीच्या वर्गात एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. पत्नी बाळंतपणात गेली आणि तान्ही मुलगी त्याच्या पदरात राहिली. मुलाने एकवीस वर्षे पूर्ण होण्याआधी विवाह करू नये हा कायदा योग्यच आहे आणि त्याची येथे पायमल्ली झाली हेही खरे. पण जन्मास आलेल्या बालकाची भूक त्या कलमाने भागत नाही. ‘मूल आजोळी दे आणि दुसरे लग्न कर’, असा उपदेश त्याला आप्तेष्टांनी केला. त्याने तो मानला नाही, आणि त्या नकारात जे पितृत्व मला दिसले ते वयाने प्रौढ अशा कित्येक पुरुषांत मला आढळलेले नाही.

दिवसभर तो गोदामात हमाली करी, तोवर मुलगी शेजारच्या आजींकडे असे; सायंकाळी मात्र त्या वृद्धेच्या अंगी त्राण उरत नसे, आणि नेमकी तेव्हाच शाळेची घंटा होई. लस टोचल्यावर मुलीला ताप आला की हजेरीपटावर याची गैरहजेरी लागे. विद्यार्थी एक आणि पालक दुसरा, असे आमच्या दफ्तराने गृहीतच धरले होते. परीक्षेला बसण्यासाठी पंचाहत्तर टक्के हजेरी लागते; त्याची ती भरेना.

केंद्र सरकारने २०१८ साली आपल्या सेवेतील एकल पित्यांनाही बालसंगोपन रजेची मुभा दिली, संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची. मला त्याचे मनापासून समाधान आहे. पण नोकरी आणि पगार असलेल्या पुरुषालाही अशी सवलत लागते हे सरकारला पटले असेल, तर ज्याच्यापाशी दोन्ही नाहीत आणि पुढे शालान्त परीक्षा आहे, त्या पोराला ती किती लागत असेल?

म्हणून रात्रशाळेच्या व्यवस्थापक मंडळास माझी विनंती आहे की, शाळेची एक खोली साडेसहापासून शाळा सुटेपर्यंत विद्यार्थ्यांच्या लेकरांसाठी राखून ठेवावी आणि तेथे एक जाणती बाई नेमावी. तिच्या पहिल्या वर्षाच्या वेतनाची तजवीज मी करतो. खोलीचा निर्णय मंडळाने येत्या सभेत द्यावा.