टिळक-आगरकर : एका वादाची फलश्रुती

(व्याख्यानातील अंश)



टिळक आणि आगरकर यांची नावे घेतली की दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढलेले १०१ दिवस, आणि पुढे झालेली त्यांची ताटातूट. पहिली अभिमानाने, दुसरी हळहळत. ही हळहळ कितपत रास्त आहे?

वाद किरकोळ नव्हता. बालविवाह, केशवपन यांसारख्या रूढी मोडण्यासाठी कायद्याचा आधार घेण्यास आगरकरांची हरकत नव्हती. परक्या सरकारने आपल्या घरात हात घालू नये, समाजाने आपला आपण बदल घडवावा, ही टिळकांची भूमिका. आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक, पण मूलभूत प्रश्नावर एकमत नसताना लेखणी आखडून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १८८७ साली ते ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला.

येथून मराठी वाचकाचे भाग्य उजळले. एकाच पुण्यातून निघणारी दोन पत्रे. एकाने मांडावे, दुसऱ्याने खोडावे. सुधारकांशी चाललेल्या या झुंजीत टिळकांनाही नुसत्या नकारावर थांबता आले नाही. १८९० साली त्यांनी प्रतिप्रस्तावच ठेवला : मुलीचा विवाह सोळाव्या आणि मुलाचा विसाव्या वर्षापूर्वी करू नये, केशवपन थांबावे, आणि हे नियम सुधारकांनी आधी स्वतःला लावून घ्यावेत. १८९१च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारावर नेले, तेव्हा टिळक विरोधात उभे राहिले. विवाहवयाविषयीची त्यांची स्वतःची सूचना मात्र कितीतरी पुढची होती. हे सहसा कोणी सांगत नाही.

सारे गोडीगुलाबीने झाले, असे नव्हे. शब्द बोचरे होते. सनातनी मंडळींनी तर आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९०च्या अखेरीस टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीही सोडली. प्रामाणिक वादातही माणसे दुखावतात, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु स्नेहाखातर आगरकर गप्प राहिले असते, तर ‘सुधारक’ निघाला नसता आणि ‘केसरी’च्या वाट्याला मिळमिळीत तडजोडीचे अग्रलेख आले असते.

१७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता, आगरकर गेले. ज्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक होते, त्याच ‘केसरी’त त्यांच्यावरील मृत्युलेख टिळकांनी लिहिला.